पाहिलं, ऐकलं की कळलं? विंटू लोकांची भाषा आणि बुडालेली नदी

(मे २०१० च्या वनहक्क समिती शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी झालेलं भाषण. टेपवरून उतरवलं आहे. मधली प्रश्नोत्तरं जागेअभावी गाळली. – संपादन)



जेवण झालंय, ऊन आहे, डोळे मिटायला लागलेत. म्हणून कलमं-नियम जरा बाजूला ठेवतो आणि लांबची गोष्ट सांगतो. लांबची म्हणजे फारच लांबची, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याची. मी तिथे गेलेलो नाही. जे सांगणार ते वाचलेलं आहे, आणि हे आधीच सांगून टाकतो, कारण आजची गोष्टच त्याबद्दल आहे.

त्या राज्याच्या मधोमध एक लांबलचक सपाट खोरं आहे. पूर्वेला मोठा डोंगर, पश्चिमेला दुसरा, मधून सॅक्रामेंटो नदी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते. या नदीच्या पश्चिम अंगाला, वर शास्ता नावाच्या बर्फाच्या डोंगरापासून खाली समुद्राच्या खाडीपर्यंत एकाच कुळातल्या भाषा बोलणारे आदिवासी राहात. उत्तरेला विंटू, मधे नोमलाकी, दक्षिणेला पटविन. एका आईच्या तीन लेकी म्हणा. विंटू म्हणजे माणसं, पटविन म्हणजेही माणूस. नोमलाकी म्हणजे पश्चिमेची बोली. त्यातल्याच एका गटाचं नाव विन्नेमेम. 'मेम' म्हणजे पाणी, विन्नेमेम म्हणजे मधलं पाणी. दोन नद्यांच्या मधून मॅकक्लाउड नावाची तिसरी नदी यायची, तिच्या काठचे हे लोक. नदीचं नाव तेच लोकांचं नाव.

आता त्यांच्या भाषेची गंमत बघा. आपण म्हणतो डावा हात, उजवा हात. विंटू तसं म्हणत नसत. ते दिशा सांगत. समजा एक जण नदीकाठाने वरच्या अंगाला, उत्तरेला चाललाय. डोंगर पश्चिमेला, नदी पूर्वेला. डास चावला, तर तो पश्चिमेच्या हाताला चावला. संध्याकाळी तोच माणूस घरी परत फिरला. डोंगर पश्चिमेलाच आहे, नदी पूर्वेलाच आहे. पण चावलेली जागा खाजवायची तर आता तो पूर्वेचा हात खाजवतो. माणूस वळला, नदी वळली नाही. डोरोथी ली नावाच्या बाईंनी १९३० च्या सुमारास या लोकांत राहून हे लिहून ठेवलं.

हसू नका. आपल्या दाव्याच्या अर्जावर चतुःसीमा लिहायची असते ना? पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओहोळ. आपण ती एकदा अर्जावर लिहितो, तेही तलाठ्याला विचारून. ते लोक दिवसभर चतुःसीमेतच बोलत होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती नीट ऐका. मी म्हटलं, 'वाघाने बकरी नेली.' मराठीत एवढं पुरतं. विंटू भाषेत पुरत नाही. तिथे क्रियापदाला शेपूट लावावं लागतं आणि त्या शेपटावरून कळतं की तुम्हाला हे कसं माहीत. डोळ्यांनी पाहिलं, तर एक रूप. अंधारात नुसती बकरी ओरडलेली ऐकली, तर दुसरं. सकाळी रक्त आणि पंजे बघून ओळखलं, तर तिसरं. लोकांनी सांगितलं, तर चौथं. आणि दरसाल याच दिवसांत वाघ येतोच, म्हणून त्यानेच नेली असणार, तर त्यालाही वेगळं. आपल्याकडेही थोडं आहे की! 'त्याच्या घरी साहेब आले म्हणे.' हे 'म्हणे' लावलं की कळतं, आपण स्वतः पाहिलेलं नाही. पण आपण ते लावलं तर लावलं, नाही तर नाही. त्यांना लावावंच लागे. खोटं बोलता येत नसे असं मी म्हणत नाही, माणूस कुठल्याही भाषेत खोटं बोलतो. पण कुठून कळलं हे न सांगता वाक्यच पुरं होत नसे.

आणखी एक. आपण म्हणतो, सरपंच गावावर राज्य करतो. ली बाई लिहितात की विंटू भाषेत पुढारी लोकांसोबत उभा राहतो. आई बाळाला सावलीत नेत नाही, बाळासोबत सावलीत जाते. टोपली माझ्या मालकीची नाही, मी टोपलीसोबत असतो. हे फार गोड करून सांगायला नको, भांडणं त्यांच्यातही होत असतील. पण आपल्या दाव्यांतला 'कब्जा' हा शब्द तिथे ठेवून बघा, बसत नाही.

आता अशी भाषा बोलणाऱ्यांसमोर सरकारचा कागद आला.

त्याआधी तापाची साथ येऊन गेली होती. १८३३ मध्ये गोऱ्या शिकाऱ्यांबरोबर हिवताप आला आणि खोऱ्यातली गावंच्या गावं ओस पडली. १८४६ मध्ये लष्कराच्या एका तुकडीने सॅक्रामेंटोच्या काठी विंटूंची कत्तल केली. शेकडो मेले, त्यात बायका-पोरं होती. १८४८ मध्ये सोनं सापडलं आणि लोंढा आला. दोनच वर्षांत कॅलिफोर्निया राज्य झालं आणि त्या राज्याने पहिल्याच वर्षी, १८५० साली, एक कायदा केला. नाव काय, तर आदिवासींचा कारभार आणि संरक्षण! नावात संरक्षण असलेले कायदे आपल्यालाही माहीत आहेत. त्या कायद्याने आदिवासी पोरं गोऱ्यांच्या घरी राबायला ठेवता येत होती, रिकामा फिरतो म्हणून धरलेला माणूस कामाला लिलावात देता येत होता. आणि त्यात एक कलम होतं, आदिवासीच्या साक्षीवर कुठल्याही गोऱ्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही.

म्हणजे बघा. ज्यांच्या भाषेत पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं केल्याशिवाय तोंडातून वाक्य निघत नाही, त्यांची साक्ष कोर्टात चालत नाही. आणि ज्याच्या भाषेत 'मी पाहिलं की मला कुणी सांगितलं' हे न बोलता भागतं, त्याची चालते.

पुढे १८५१-५२ मध्ये सरकारचे अधिकारी फिरले आणि कॅलिफोर्नियातल्या जमातींशी त्यांनी अठरा करार केले. विंटूंच्या मुलखात कॉटनवुड नावाच्या ओढ्याजवळ १८५१ च्या ऑगस्टमध्ये असाच करार झाला. करार काय, तर बाकीचा मुलूख सोडा, ही एवढी जमीन कायमची तुमची. पुढाऱ्यांनी आपली खूण केली. करार वॉशिंग्टनला गेले. तिथल्या सिनेटने १८५२ मध्ये अठराच्या अठरा नाकारले आणि नाकारल्याचं कुणाला सांगितलं नाही. कागद गुप्त ठरवून कुलपात ठेवले. ते कुलूप उघडलं १९०५ साली. त्रेपन्न वर्षं! खूण करणारे मेले, त्यांची पोरं म्हातारी झाली. तोवर ठरलेली जमीन वाटली गेली, विकली गेली, तिच्यात खाणी आल्या.

आपल्यातल्या किती जणांना दावा नामंजूर झाल्याचा कागद हातात मिळालाय? हात वर करा. ... बघा. कायदा म्हणतो लेखी कळवा, कारण द्या, अपील करायला साठ दिवस आहेत. दिवस कुठून मोजायचे, कागदच नाही तर?

आता धरणाचं सांगतो.

१९३८ मध्ये शास्ता धरणाचं काम सुरू झालं, १९४५ मध्ये पुरं झालं. ६०२ फूट उंच. सॅक्रामेंटो, पिट आणि मॅकक्लाउड, तिन्ही नद्या मागे तुंबल्या. १९४१ मध्ये वॉशिंग्टनने खास कायदा करून धरणाखाली जाणाऱ्या आदिवासींच्या जमिनी घेतल्या. गावं बुडाली, नाचाच्या जागा बुडाल्या, मेलेली माणसं उकरून दुसरीकडे पुरावी लागली. पाणी खाली खोऱ्यातल्या मोठ्या शेतांना गेलं. मोडक सागराचं आणि भातसाचं पाणी कुठे जातं ते तुम्हाला सांगायला नको. मोखाडा-शहापूरच्या बाया धरणाच्या उशाला राहून फेब्रुवारीपासून हंडे घेऊन फिरतात. आता त्याच वैतरणेवर मध्य वैतरणेचं काम चाललंय. मधलं पाणीच ते.

धरणाने सामन मासाही अडवला. वलगणीचे मासे तुम्हाला माहीत आहेत, पहिल्या पावसात ओहोळाने वर चढतात. सामन तसाच, पण तो समुद्रातून येतो, शेकडो मैल, जिथे जन्मला त्याच नदीत, अंडी घालायला. ६०२ फुटांची भिंत कुठला मासा चढणार? विन्नेमेम सांगतात की माणूस पहिल्यांदा शास्ता डोंगराच्या झऱ्यातून आला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. सामनने आपला आवाज माणसाला दिला. म्हणून सामन मुका आहे, आणि त्याच्यासाठी बोलणं हे माणसाचं काम. भाषा कुठून आली याची त्यांची गोष्ट ही अशी.

मासा गेला, पाठोपाठ भाषाही गेली. नोमलाकी आईच्या दुधाबरोबर शिकलेलं आता कुणी नाही. विंटू नीट बोलणाऱ्या फ्लोरेन्स जोन्स या विन्नेमेमांच्या थोर बाई २००३ मध्ये गेल्या. व्याकरण आणि शब्दकोश छापलेले आहेत, नवी पोरं त्यावरून शिकू बघतात. कोशात शब्द मिळतात. कुठल्या वळणावर कुठल्या खडकाला काय म्हणायचं, ते खडकाजवळ उभं राहून शिकायचं असतं, आणि खडक पाण्यात आहे.

तेवढ्यानेही भागलं नाही. सरकार म्हणतंय धरण आणखी साडेअठरा फूट वाढवायचं. उरलेल्या जागाही जातील, मुलगी वयात आली की जिथे तिचा विधी करतात तो खडकसुद्धा. २००४ च्या सप्टेंबरात विन्नेमेमांनी धरणावरच चार दिवस युद्धाचा नाच केला. याआधीचा त्यांचा असा नाच १८८७ चा, नदीवर सरकारने माशांची अंडी गोळा करायचं केंद्र बसवलं होतं, त्याच्या विरोधात.

आणि सरकारचं उत्तर काय? तुम्ही यादीत नाही. वॉशिंग्टनमध्ये मान्यताप्राप्त जमातींची यादी असते, तिच्यात विन्नेमेम नाहीत. यादीत नाही म्हणजे सल्लामसलतीत जागा नाही. जे यादीत आहेत त्यांचंही ऐका. पास्केन्टाच्या नोमलाकींना १९५८ च्या कायद्याखाली १९५९ मध्ये यादीतून पुसलं, १९९४ मध्ये कायदा करून परत लिहिलं. पस्तीस वर्षं ते लोक कोण होते? दक्षिणेचे पटविन यादीत आहेत, जुगाराचा मोठा अड्डा चालवतात, त्या पैशाने जमीन परत विकत घेतात. मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. गेल्याच वर्षी त्यांनी सरकारी नाव टाकून आपल्या भाषेतलं घेतलं, योचा देहे, झऱ्याकाठचं घर.

आता आपल्या कामाचं. वनहक्काच्या नियमांत तेरावा नियम आहे, पुराव्यांचा. त्यात मतदार कार्ड आहे, जुने सरकारी कागद आहेत, विहिरी, मसणवटी, देवाच्या जागा आहेत, आणि दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा जबाब, लिहून घेतलेला, तोही पुरावा आहे. हे मेहरबानीने मिळालेलं नाही. आणि तरी काय होतं? एका सुनावणीला मी होतो. सत्तरीतली एक वारली बाई सांगत होती, 'याच्या बापाला मी इथे नाचणी लावताना बघितला.' समोरच्या साहेबाने मान वर न करता लिहिलं, 'ऐकीव माहिती, कागदपत्र नाही.' ती 'बघितला' म्हणत होती! मी तेव्हा गप्प बसलो, ते अजून टोचतं.

म्हणून समितीच्या पोरांना सांगतो. जबाब लिहिताना सगळ्यांचा एकच नमुना छापून अंगठे घेऊ नका. 'अर्जदार पूर्वापार जमीन कसतो' या वाक्याला साहेब ओळखतो, कारण तेच वाक्य त्याने चाळीस अर्जांत वाचलेलं असतं. म्हातारीला विचारा, तू स्वतः पाहिलंस का? कुठे उभी होतीस? कुठल्या पावसात, कुणाच्या लग्नाच्या वर्षी? जे सासूने सांगितलं ते सासूने सांगितलं असंच लिहा, त्याने जबाब कच्चा होत नाही, पक्का होतो. गार्डाने राब विस्कटला तो पाहिला की सकाळी राख पाहून कळलं, तेही लिहा. तिच्या बोलीतलं वाक्य आधी तसंच, खाली मराठी. ओहोळाचं, खडकाचं, टेपाडाचं जे नाव ती घेते ते लिहा, नकाशात नसलं तरी लिहा. नियमाप्रमाणे एकाहून जास्त पुरावे लागतात, तेव्हा जबाबासोबत विहीर, जुनं झाड, देव यांचा पंचनामा जोडा. आणि वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका.

विन्नेमेमांचं एक राहिलं. ते अंडी गोळा करायचं केंद्र, १८७२ चं, तिथली अंडी पुढे देशोदेशी पाठवली गेली. न्यूझीलंडमधल्या राकाया नदीत मॅकक्लाउडच्या त्या माशांची पिलावळ अजून आहे. यंदाच्या मार्चमध्ये विन्नेमेमांचे काही लोक तिथे गेले. तिथल्या माओरी आदिवासींनी त्यांना बोलावून घेतलं. नदीकाठी चार दिवस ते नाचले आणि माशांची माफी मागितली, तुम्हाला अडवलं तेव्हा आम्हाला थांबवता आलं नाही म्हणून. आता ते सरकारला म्हणतायत, हे मासे परत आणा, धरणाला वळसा घालून वाट करा. हे सगळं मी वाचलेलं आहे, पाहिलेलं नाही.

चहा झाला की तीन-तीन पाड्यांचे गट करून बसा. प्रत्येक गटात एक म्हातारं माणूस आणि एक लिहिणारं पोरगं पाहिजे. कोरे कागद बाजूच्या खोलीत ठेवलेत.