जागा, आज्ञा आणि आपलें मन
(महोत्सवानिमित्त वाडी येथें दिलेलें व्याख्यान)



ह्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलावे अशी आपण आम्हांस आज्ञा केली, व ती आम्ही आनंदानें मानली. परंतु ह्या उंच व्यासपीठावर उभे राहिल्यावर मनांत एक शंका आली. हेच शब्द आम्ही बाहेर अमरावती रस्त्यावर मालमोटारींच्या रांगेजवळ उभे राहून बोलूं लागलों असतों, तर आपणांपैकीं किती जण थांबले असते? बोलणारा तोच, शब्द तेच. निराळी असती ती केवळ जागा. तेव्हां जागेचा आणि आज्ञापालनाचा संबंध काय, हाच विषय आज आपणांपुढें ठेवण्याचें आम्ही ठरविलें.

आपल्या वाडवडिलांस हा संबंध चांगला ठाऊक होता. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें ते म्हणत. ह्या म्हणींत न्यायाधीशाचें नांव नाहीं, कायद्याचें नाहीं. नांव आहे तें पायरीचें. पाटील शेताच्या बांधावर भेटला म्हणजे त्याच्याशीं पाऊसपाण्याच्या गोष्टी होत. परंतु चावडीवरून बोलावणें आलें कीं तोच शेतकरी दाराशीं वहाणा काढून, मान खालीं घालून उभा राही. पाटील बदलला नव्हता. जागा बदलली होती.

जागेचा हा धाक मुळांत वाईट आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. मंदिरांत पाऊल टाकतांच मुलें गप्प होतात, रुग्णालयांत आपण हळू बोलतों, हें योग्यच आहे. सांगावयाचें तें इतकेंच कीं, भिंतीस चांगली आज्ञा व वाईट आज्ञा ह्यांतील भेद कळत नाहीं. तो भेद मनुष्यानेंच केला पाहिजे.

आपल्या नागपूरचेंच उदाहरण घ्या. १८१७ सालीं सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, इंग्रजांचा जय झाला, आणि टेकडीवर त्यांचा किल्ला उभा राहिला. टेकडीच्या एका अंगास महाल, इतवारी हें जुनें, दाटीवाटीचें शहर. दुसऱ्या अंगास रुंद रस्त्यांची, बंगल्यांची आणि कचेऱ्यांची सिव्हिल लाइन्स. शहरांतील मनुष्य तिकडे गेला कीं आपण परक्याच्या अंगणांत आलों असें त्यास वाटावें, अशी ती मांडणी होती.

१९२३ सालीं राष्ट्रीय निशाण घेऊन निघालेल्या मिरवणुकीस ह्याच सिव्हिल लाइन्समध्यें येण्यास सरकारनें मनाई केली. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवकांच्या लहान लहान तुकड्या निशाण घेऊन त्या सीमेकडे जात व पकडल्या जात. दुसरे दिवशीं नवी तुकडी निघे. पुढारी शेठ जमनालाल बजाज पकडले गेले, तेव्हां पुढें वल्लभभाई पटेलांनीं सूत्रें हातीं घेतलीं. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसें आलीं. हजाराहून अधिक लोक तुरुंगांत गेले. शेवटीं १८ ऑगस्ट रोजीं निशाणाची मिरवणूक त्याच सिव्हिल लाइन्समधून गेली. रस्ता तोच, बंगले तेच, किल्लाही तेथेंच. परंतु सीमेचा धाक गेला होता. आम्हांस ह्यांत एक गोष्ट विशेष वाटते, ती ही कीं, त्या सीमेकडे कोणास एकट्यानें जावें लागलें नाहीं.

ह्या प्रश्नाचा शास्त्रीय विचार अमेरिकेंत झाला. येल विद्यापीठांतील स्टॅन्ले मिल्ग्रॅम ह्यांनीं १९६१ सालीं एक प्रयोग आरंभिला. साध्या नागरिकांस बोलावून सांगण्यांत आलें कीं, पलीकडच्या खोलींतील मनुष्य उत्तर चुकला कीं त्यास विजेचा धक्का द्यावयाचा, आणि प्रत्येक चुकीस धक्का वाढवीत न्यावयाचा. धक्के खरे नव्हते. पलीकडचा मनुष्य सोंग करीत होता. परंतु कळ दाबणाऱ्यास तें ठाऊक नव्हतें. शेजारीं उभा असलेला प्रयोगकर्ता शांतपणें म्हणे, पुढें चला. ४० पैकीं २६ जण शेवटच्या कळेपर्यंत गेले.

पुढें मिल्ग्रॅम ह्यांनीं जागा बदलून पाहिली. विद्यापीठाचें नांव काढून टाकून ब्रिजपोर्ट शहरांतील एका साध्या व्यापारी इमारतींत तोच प्रयोग केला, तेव्हां ४० पैकीं १९ जण शेवटपर्यंत गेले. संख्या घटली खरी, परंतु फार नाहीं. मोठ्या संस्थेचें छत्र निघून गेलें तरी निम्म्याच्या जवळपास लोक हुकूम मानीतच राहिले.

खरा फरक पडला तो अंतरामुळें. ज्यास इजा व्हावयाची तो मनुष्य त्याच खोलींत बसविला, तेव्हां आज्ञा मानणारे १६ राहिले. त्याचा हात स्वतःच्या हातानें धरून धक्क्याच्या पट्टीवर ठेवावा लागे, तेव्हां १२. उलट हुकूम देणारा खोलींतून निघून गेला व टेलिफोनवरून बोलूं लागला, तेव्हां सुमारें एक पंचमांशच लोक शेवटपर्यंत गेले. आणि बरोबरच्या दोघां जणांनीं आधीं नकार दिला, तेव्हां ४० पैकीं अवघे ४. ह्या प्रयोगावर पुढें पुष्कळ आक्षेप घेण्यांत आले. माणसांस असें फसविणें योग्य होतें काय, आणि धक्के खरे आहेत असें सर्वांसच वाटलें होतें काय, हे प्रश्न रास्तच आहेत. तथापि त्यांतून निघणारा बोध आमच्या अनुभवास पटतो. आपण कोणाच्या जवळ उभे आहों आणि कोण भिंतीपलीकडे आहे, ह्यावर आपलें आज्ञापालन पुष्कळसें ठरतें.

हा अनुभव सांगतांना आम्हांस लाज वाटते, तरी सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत शिक्षक होतों. ज्या मुलांची फी थकली आहे त्यांस वर्गाबाहेर उभें करावें, असा हुकूम आला. वरिष्ठांच्या खोलींत, मोठ्या टेबलापुढें उभे राहून आम्ही तो ऐकला आणि 'होय साहेब' म्हणालों. वर्गांत येऊन खुर्चीवर बसलों व यादी वाचली. पांच मुलें उठून बाहेर गेलीं. त्या वेळीं आमच्या मनांत कांहींही आलें नाहीं. तासाच्या शेवटीं व्हरांड्यांत गेलों, तों त्यांतील सर्वांत लहान मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्यानें ओळखूं नये म्हणून. हुकूम तोच होता. परंतु खुर्चीवरून दिसला नाहीं तो व्हरांड्यांत दिसला. आम्ही मुलांस आंत घेतलें. मग दुसऱ्या दोन शिक्षकांस बरोबर घेऊन त्याच मोठ्या टेबलापुढें गेलों. एकट्यानें जाण्याचें धैर्य आम्हांस नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे. त्या आठवड्यांत तो हुकूम मागें घेण्यांत आला.

वाडींत आज गोदामें आहेत, कचेऱ्या आहेत, जवळच आयुधनिर्माणीचा मोठा कारखाना आहे. आपणांपैकीं कित्येक जण खिडकीच्या आंत बसतात, कित्येक खिडकीबाहेर रांगेंत उभे राहतात. आंत बसणाऱ्यांस आमची विनंति अशी कीं, कोणाची मजुरी कापावयाची, कोणास परत पाठवावयाचें, असा हुकूम हातीं आला म्हणजे सही करण्यापूर्वीं एकदां उठून खिडकीबाहेर जावें व त्या मनुष्याशेजारीं उभें राहावें. हुकूम न्यायाचा असेल तर तो तेथेंही न्यायाचाच दिसेल. बाहेर असणाऱ्यांस विनंति अशी कीं, गाऱ्हाणें घेऊन जावयाचें तर दोघांतिघांनीं मिळून जावें.

आणि ज्यांच्या हातीं अधिकार आहे, त्यांत आम्ही वडीलधारे व धर्मगुरुही आलों, त्यांनीं आपली खुर्ची कोठें मांडली आहे तें पाहावें. १९६२ ते १९६५ पर्यंत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या मंदिरांतून वेदी भिंतीपासून पुढें आली, आणि धर्मगुरु लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पूं लागले. वेदीचा मान त्यामुळें कमी झाला नाहीं. तद्वतच टेबलापलीकडून उठून समोरच्या मनुष्याजवळ बसल्यानें आपला अधिकार कमी होणार नाहीं; आपण काय हुकूम करीत आहों, तें मात्र आपणांस स्पष्ट दिसेल.

महोत्सवानिमित्त मंदिराच्या भिंतींस नवा रंग दिला आहे, दारास तोरण बांधलें आहे. ह्या दारांतून आंत येतांना आपण मस्तक नमवितों, तें उचितच आहे. बाहेर पडतांना मात्र दाराशीं कोण उभा आहे, इकडेही दृष्टि असावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.