बांधावरच्या सुबाभळीचा तंतू



 कागदाच्या तंतूंविषयी बोलायला आपण छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे योग्य ठिकाणी, आला आहात. इथून खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा हे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी आणली, तेव्हा कागद करणारी 'कागदी' मंडळी इथे आली, असं परंपरा सांगते. कागद ते सुती चिंध्यांपासून करत. कापूस म्हणजे जवळपास निखळ सेल्युलोज. चिंध्या भिजवून कुटल्या, की लगदा तयार.

लाकूड इतकं सहज वश होत नाही. त्यातल्या तंतूंना लिग्निन नावाच्या द्रव्याने घट्ट धरलेलं असतं. ते तंतू सोडवायला सहसा लाकडाच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात १६०-१७० अंश सेल्सिअसला शिजवाव्या लागतात. लिग्निन जितकं जास्त, तितका रसायनांचा खर्च जास्त.

असं लाकूड देणारं एक झाड म्हणजे आमच्या बांधावरची सुबाभूळ; ती मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. मणिभाई देसाईंच्या 'बाएफ' या संस्थेने उरुळीकांचनहून चाऱ्यासाठी तिचा प्रसार केला. पाल्यात मिमोसिन हे अपायकारक द्रव्य असतं, म्हणून जनावरांना नुसता तोच घालू नये, हे पशुपालकांना कळलं. पाल्याची झाली तशी लाकडाची ओळख मात्र आमच्या शेतकऱ्याला कुणी करून दिली नाही. सुबाभळीचा तंतू साधारण एक मिलिमीटरचा, बांबूच्या तंतूहून बराच आखूड. त्यामुळे कागद फाटायला सोपा, पण छपाईला गुळगुळीत. तंतूची भिंत पातळ आणि आतली पोकळी रुंद असेल, तर तो चपटा होऊन शेजारच्याला छान बिलगतो. झाडाचं वय वाढतं तसा तंतू लांबतो, भिंतही जाडावते.

तंतू असा झाडाच्या वाढीवर अवलंबून असतो, म्हणून शास्त्रज्ञ आणि कागद-तंत्रज्ञांना माझा आग्रह आहे. ओलिताखालच्या झाडांचे आकडे आमच्या मुरमाड, कोरडवाहू बांधांना लावू नका. इथली झाडं तोडा, साल वेगळी करा, वयानुसार तंतू मोजा. शेतकरी लाकूड वजनावर विकतो, गिरणीला मोल त्यातून निघणाऱ्या लगद्याचं; हा हिशेब दोघांसमोर एकदा उघडा मांडायला हवा. आणखी एक. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत सुबाभूळ आहे. तिचं बी पसरू नये म्हणून शेंगा पिकण्याआधी तोडणी केली तर लगदा किती घटतो, हेही तपासा. गायरानं वाचवायची तर ते कळायलाच हवं.

नमुन्यांसाठी आमचे बांध आपल्याला खुले आहेत. चर्चेला सुरुवात करावी, ही विनंती.