रिकामी चढाई

दिवाळी सरून मंडईचे दिवस लागले, कीं गोंदिया जिल्ह्यांतील गांवोगांवीं कबड्डीचीं मैदानें आंखलीं जातात. पण आघाडीवरचा संघ वेळ काढूं लागला, म्हणजे खेळाचा रंग उडतो. चढाईचा गडी निदानरेषा जेमतेम ओलांडतो, हवेंत हात फिरवितो आणि कोणासहि न शिवतां परततो. नियम मोडत नाहीं, गुण जात नाहीं. घड्याळ मात्र पुढें सरकतें. प्रेक्षक चिडतात, आणि तें रास्तच आहे.

वस्तुतः दम हेंच या खेळाचें मूळचें घड्याळ. श्वास संपला कीं चढाई संपली. आतां चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आहे. पण रिकामी चढाई ३० सेकंदांतहि रिकामीच! २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमधील उपाय अधिक नामी आहे: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरींत गुण मिळविलाच पाहिजे, नाहीं तर गडी बाद आणि प्रतिपक्षास एक गुण. गोल्फसारख्या निवांत खेळांतहि हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत २०१९ सालीं पांच मिनिटांवरून तीनवर आणली गेली.

नियमाप्रमाणें एक चढाई संपतांच प्रतिपक्षानें ५ सेकंदांत आपला गडी पाठवावयाचा असतो. गांवच्या मैदानावर नेमकी याच वेळीं पंचांशीं हुज्जत निघते, बुटांच्या नाड्या सुटतात, पाण्याचा तांब्या फिरतो. येथें पंचांनीं भीड सोडून शिटी फुंकावयास हवी. कारण शेवटच्या जोडीस मैदान मिळतें तें मध्यरात्रीं, कडाक्याच्या थंडींत, प्रेक्षक पांगल्यावर.