‘स्थानिक भाषा’ म्हणजे कोणाची?

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज भाषेबद्दल बोलायचं आहे. जमिनीचं शिबिर आणि भाषा कशाला, असं कुणी म्हणेल. थोडं थांबा, जमिनीवरच येतो.

२०१३ चा भूसंपादन कायदा म्हणतो, सामाजिक परिणामांचा अभ्यास सुरू करायचा तर त्याची सूचना पंचायतीला स्थानिक भाषेत द्या. वाचायला छान. पण स्थानिक भाषा म्हणजे कोणती? कलम ३ मध्ये शब्दांचे अर्थ दिलेत. बाधित कुटुंब कोण, जमीनमालक कोण, सगळं आहे. स्थानिक भाषेचा अर्थ मात्र नाही. मग साहेब म्हणतो, महाराष्ट्र आहे, मराठीत दिली, झालं. १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा आहे हे खरंच. पण सरकारने कारभार कशात करायचा एवढंच राजभाषा सांगते. पाड्यावर चुलीपाशी काय बोलतात, ते तिला काय ठाऊक?

जनगणनेत ‘मातृभाषा’ या शब्दाची व्याख्या आहे. लहानपणी आई तुमच्याशी बोलली ती. आई तान्हेपणीच गेली असेल तर घरात मुख्य बोलली जायची ती. ही व्याख्या आम्हाला पटते. पण तक्त्यात पावरी, मावची, वसावी सगळ्या ‘भिली’खाली एकत्र. २०११ ला त्या भिलीचे बोलणारे १ कोटी ४ लाख, तरी आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. संस्कृत आहे, तिचे २४,८२१. संस्कृतशी आमचं भांडण नाही, आकडा सांगितला.

आता जमीन. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत नियम १३ नीट ऐका. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, लिहून घेतलेलं, हा पुरावा धरतात. कोणत्या भाषेत लिहायचं ते नियमात नाही. आमच्या एका पाड्यावर म्हातारा बोलला, “बहात्तरच्या दुष्काळाआधी याच्या बापाने डोंगर साफ केला, भादी पेरली.” लिहिणाऱ्याने लिहिलं, ‘वनजमिनीवर अतिक्रमण करून शेती करतो.’ बाप गेला, दुष्काळ गेला, अतिक्रमण तेवढं राहिलं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवायचा असतो, आणि साल सांगणारा शब्दच कागदावरून गळाला! म्हाताऱ्याने अंगठा दिला. वाचून कुणी दाखवलंच नव्हतं.

म्हणून पुढच्या ग्रामसभेपासून आपण असं करू. म्हातारा बोलेल ते त्याच्याच बोलीत, देवनागरीत, जसंच्या तसं उतरवायचं. खाली मराठी. शाळा शिकलेल्या पोरींनी लिहावं, त्यांना दोन्ही येतं. मग सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, म्हातारा ‘हो’ म्हणाला की अंगठा. दोन प्रती, एक समितीकडे ठेवायची. कोणी म्हणालं बोलीतला कागद चालत नाही, तर कुठल्या नियमात ते लिहिलंय ते लेखी मागायचं.

कोऱ्या वह्या आणल्यात, जाताना प्रत्येक पाड्याने एक घ्या.