रात्रीची जाग आणि मधुमेह

(बडोदे येथील महाजन-कुळावी कुटुंबांच्या मेळाव्यातील भाषण)



नवरात्रात बडोदे शहर गरब्यासाठी रात्र रात्र जागते. परंतु कित्येक घरांत वर्षभर आणखी एक जागरण चालू असते. घरातील वडीलधारे रात्रीतून तीन-चार वेळा लघवीस उठतात, उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या रिकामा करतात आणि पहाटे थकव्यानेच अंथरूण सोडतात. घरची मंडळी म्हणतात, "वय झाले, चालायचेच!" या एका वाक्याआड पुष्कळदा मधुमेह लपून राहतो.

ही व्याधी नवी नव्हे. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले असून मधुमेह हा त्यांतील एक होय. दर १०० मिलिलिटर रक्तात साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही. मूत्रावाटे जाणारी साखर पाणीही ओढून नेते; म्हणून लघवी वाढते आणि घसा कोरडा पडतो. अशा रोग्याचे पाणी तोडणे हा उलटा न्याय होय.

रात्री तळपायांची आग होणे, पायांना मुंग्या येणे, हीही लक्षणे ध्यानी घ्यावीत. अर्थात प्रत्येक जाग मधुमेहाचीच असते असे नाही. प्रोस्टेट ग्रंथीची वाढ किंवा रक्तदाबाची काही औषधेही त्यास कारण होतात. निवाडा रक्ततपासणीनेच होतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली आणि फेरतपासणीतही तशीच आढळली, तर तो मधुमेह समजावा. १९४९ साली स्थापन झालेल्या बडोदे वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सयाजीराव रुग्णालयासारखी सोय हाताशी असता चालढकल कशासाठी?

अंथरूण ओले करण्याची सवय सुटलेले मूल पुन्हा तसे करू लागले, सारखे पाणी मागू लागले आणि वाळू लागले, तर त्यास रागे न भरता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १९२२ साली टोरोंटो येथे चौदा वर्षांच्या मुलास प्रथम इन्सुलिन टोचले गेले. तोपर्यंत अशा बालकांच्या जीविताची आशा नसे. आज विलंब तेवढा घातक ठरतो.

इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना उलट भय असते. दिवसा उपवास आणि रात्री गरबा घडला, तर झोपेत साखर उतरू शकते. घामाने कपडे भिजणे, कापरे भरणे, भयंकर स्वप्ने पडणे, सकाळी डोके दुखणे या तिच्या खुणा होत. रोगी शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

कुलदेवतेपुढे गाऱ्हाणे घालताना आपण घरादाराचे आरोग्य मागतो. त्या मागण्यास आपल्या दक्षतेची जोड हवी. आज घरी परतल्यावर वडीलधाऱ्यांना प्रत्येकाने एवढेच विचारावे: "रात्री किती वेळा उठता?"