मानसरोवर स्थानकापासून तिसऱ्या स्थानकावर



काव्यातील राजहंस मानसरोवरी विहरतात. कामोठेकरांच्या रेल्वे स्थानकाचे नावही मानसरोवरच! तेथे हंस नाहीत. परंतु तिसऱ्या स्थानकावर, सीवूड्सला उतरून नेरूळच्या तलावाकडे गेल्यास फाल्गुन-चैत्रात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे दृष्टीस पडतात.

रोहितांची दिनचर्या भरती-ओहोटीवर चालते. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की मान लववून, चोच उलटी पाण्यात बुडवून ते सूक्ष्म शेवाळ गाळून घेतात. त्यातील रंगद्रव्यानेच पिसांना गुलाबी छटा येते. भरतीला तो चिखल बुडतो. मग जवळच्या उथळ तलावात विसावा घ्यावा लागतो.

ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा व २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा लाभला. अन्नाचे ताट सुरक्षित झाले, विसाव्याचे काय? नेरूळचा तलाव अभयारण्याच्या सीमेबाहेर आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात भरतीचे पाणी आत येण्याची वाट अडली आणि तो कोरडा पडला.

जीवदया म्हटली की आपल्याकडे हात प्रथम दाण्यांकडे जातो. रोहिताला दाणे नकोत. त्याच्या तलावाला पाणी पोहोचविणारे मार्ग मोकळे राहिले, थव्याजवळ कोणी गेले नाही, एवढीच त्याची सेवा.

पाहावयास जाणाऱ्याने मात्र भरतीची वेळ विचारून निघावे. ओहोटीला तलाव रिता असतो, आणि पुष्कळ मंडळी ‘काहीच दिसले नाही’ म्हणत घरी परततात.