आयुष्य लाभले, पुढे काय?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या मंगल प्रसंगी हा विषय कशास, असे काहींस वाटेल. परंतु एच.आय.व्ही.ची बाधा ज्ञात विचारून होत नसते.

१९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बाधा भारतात प्रथम उघडकीस आणली. या विदुषी माहेरच्या गायतोंडे, मराठी घराण्यातील. त्या काळी निदान म्हणजे मृत्यूचे बोलावणेच. पुढे १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धती आली, आणि १ एप्रिल २००४ पासून आपल्याकडे सरकारी केंद्रांतून ती विनामूल्य मिळू लागली. नियमाने औषध घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतका क्षीण होतो की तपासणीत सापडत नाही. आणि ही स्थिती टिकली, तर शरीरसंबंधातून जोडीदारास बाधा होत नाही. किती दिवस जगणार, हा प्रश्न मागे पडला. कसे जगणार, हा पुढे आला.

येथे वयाने भेद पडतो. पन्नाशी ओलांडलेल्यांस औषधाची शिस्त बहुधा अंगवळणी पडलेली असते, मनही काहीसे निवलेले असते. पण शरीर थकते. हृदयविकार, हाडांचा ठिसूळपणा, मूत्रपिंडाचे विकार त्यांस लवकर गाठतात. जोडीदार पुष्कळदा आधीच गेलेला असतो. आणि जिच्या हातचे जेवायचे त्या सुनेस सांगावे की नाही, हा घोर जन्मभर पुरतो.

तरुणांचे उलट. देह धडधाकट, मन पोखरलेले. जन्मतःच बाधा घेऊन आलेली मुले आज वयात आली आहेत. कित्येकांचे आईबाप बालपणीच गेले. वसतिगृहात सोबत्यांदेखत गोळी घ्यावी कशी, म्हणून ती चुकते. वारंवार चुकली की विषाणू पुन्हा बळावतो. रोगाहून लपवाछपवीच अधिक घात करते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि विवाह? वधूवरांच्या याद्या तर आपणच छापतो!

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने नोकरी, शिक्षण, उपचार यांत अशांशी भेदभाव करण्यास बंदी केली आहे. संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करण्यासही, काही अपवाद वगळता, मनाई आहे. भावी जोडीदारास मात्र सत्य सांगितलेच पाहिजे. तेथे आडपडदा नको.

कार्यकारिणीस माझ्या दोनच विनंत्या. वधूवर सूचक शाखेने अशा इच्छुकांची नोंद यादीत न छापता मोहोरबंद ठेवावी व ती एकाच कार्यवाहाच्या हाती असावी. दुसरी, आपल्या विद्यार्थी वसतिगृहात प्रत्येकास कुलपाचा खण द्यावा. प्रत्येकास म्हणतो, म्हणजे कोणा एकाकडे बोट जाणार नाही. खर्चाचा अंदाज मी चिटणिसांकडे दिलेला आहे.